बिऱ्हाड हलविण्यापूर्वीचा जमाखर्च

सोलापुरातील एखाद्या मध्यम स्थितीच्या घरी पुण्याच्या नोकरीचे पत्र येऊन पडले, म्हणजे घरातील कर्ता पुरुष ते पत्र दोनदा वाचून प्रथम पगाराच्या आकड्याकडे पाहतो, आणि घरातील गृहिणी, तो आकडा ऐकून झाल्यावर, पुण्यास असलेल्या आपल्या बहिणीस किंवा मावशीस दूरध्वनी करून तेथे दुधाचा भाव काय, मेथीची जुडी कितीला मिळते आणि कांदे-बटाट्यांची काय अवस्था आहे, याची कसून चौकशी करते. ही चौकशी स्वाभाविक आहे, कारण भाजीचा भाव रोज हाताला लागतो आणि जे रोज हाताला लागते तेच माणसाला सर्वांत मोठे वाटते. परंतु बिऱ्हाड हलवावे की न हलवावे या प्रश्नाचा निकाल ज्या बाबींवर लागतो, त्यांत मेथीच्या जुडीचे स्थान फार खालचे आहे, हे थोड्या विस्ताराने सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

अर्न्स्ट एंगेल नावाचा एक गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सॅक्सनीच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख होता. बेल्जियममधील कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चाचे आकडे तपासून त्याने १८५७ साली असा सिद्धान्त मांडला की, कुटुंबाचे उत्पन्न जसजसे वाढते तसतसा एकंदर खर्चातील अन्नाचा हिस्सा घटत जातो. दीडशेहून अधिक वर्षांत या सिद्धान्ताला बाध आलेला नाही. आपल्याकडील औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकातच पाहावे : २००१ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या मालिकेत खाद्यपदार्थांचा भार शेकडा ४६.२० होता, तो २०१६ च्या मालिकेत ३९.१७ वर आला, आणि औषधपाणी, शिक्षण, प्रवास वगैरे ज्या संकीर्ण बाबी आहेत त्यांचा भार २३.२६ वरून ३०.३१ वर गेला. म्हणजे ज्या खान्याची आपण इतक्या बारकाईने चौकशी करतो ते आक्रसत चालले आहे, आणि ज्या खान्याला ‘इतर’ असे नाव देऊन आपण हिशेबाच्या तळाशी ढकलतो ते फुगत चालले आहे.

निर्देशांकाचा उल्लेख निघालाच आहे, तर त्याच्याविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज येथेच दूर करणे इष्ट होईल. केंद्र सरकारचा लेबर ब्युरो देशातील ८८ औद्योगिक केंद्रांचे निर्देशांक दरमहा काढतो, आणि त्या केंद्रांत सोलापूरही आहे व पुणेही आहे. तेव्हा दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून, ज्याचा आकडा मोठा ते गाव महाग, असा निष्कर्ष काढण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. तो निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे. प्रत्येक केंद्राची २०१६ मधील किंमत-पातळी त्या त्या केंद्रापुरती १०० मानलेली असते. सोलापूरचे शंभर आणि पुण्याचे शंभर हे एकच शंभर नव्हेत. एखाद्या महिन्यात सोलापूरचा निर्देशांक पुण्याहून वर दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच की, २०१६ पासून सोलापुरातील भाव पुण्यातील भावांपेक्षा अधिक वेगाने चढले. सोलापूर पुण्यापेक्षा महाग झाले, असा त्याचा अर्थ होत नाही. दोन मुलांपैकी गेल्या वर्षात कोण किती इंच वाढला हे सांगणारी ही मोजपट्टी आहे; दोघांत उंच कोण, हे ती सांगत नाही.

वास्तविक कुटुंबाचा जमाखर्च तपासण्याची परंपरा आपल्या प्रांतात जुनी आहे. मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस स्थापन केले, आणि फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली गिरणगावातील कामकऱ्यांच्या घरखर्चाची जी पाहणी झाली तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दशकात सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाचीही अशीच चौकशी करण्यात आली. पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेऊन तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली प्रकाशित केले. सोलापूर आणि पुणे या दोन्ही गावांच्या चुलीवर काय शिजते याची नोंद अशा रीतीने सरकारदरबारी आणि विद्वानांच्या दप्तरी केव्हाच झालेली आहे. नोंद नसते ती बहुधा आपल्या स्वतःच्या घरात. म्हणून स्थलांतराचा विचार करणाऱ्याने पहिली गोष्ट करावयाची ती ही की, निदान तीन महिने घरची रोजकीर्द प्रामाणिकपणे लिहावी. अंदाजाने सांगितलेला घरखर्च आणि लिहून काढलेला घरखर्च यांत जी तफावत निघते ती पाहून बहुतेक गृहस्थ प्रथम कारकुनी चूक शोधू लागतात.

ही रोजकीर्द समोर घेतली म्हणजे असे आढळते की, कित्येक खर्च गाव बदलल्याने मुळीच बदलत नाहीत. साबण, चहाची पुडी, औषधाची गोळी यांवर छापील किंमत असते आणि ती सोलापूरच्या दुकानात व पुण्याच्या दुकानात एकच असते. आयुर्विम्याचा हप्ता तोच राहतो. व्यवसायकर वर्षाला २,५०० रुपये, तो राज्यभर एकच. विजेचे दरही तेच, कारण दोन्ही शहरांना महावितरणच वीज पुरवते (मुंबई बेटावर मात्र बेस्टचे दर निराळे असतात). किंबहुना सोलापूरचा वैशाख ज्याने कूलरच्या आधाराने काढला आहे, त्याचे विजेचे देयक पुण्यात थोडे उतरण्याचाच संभव अधिक. वाहनाच्या क्रमांकपट्टीवर एमएच १३ असले तरी त्याच राज्यात ते बदलण्याची गरज नसते. एवढ्या बाबी वगळल्या म्हणजे हिशेब बराच आटोपशीर होतो.

आता घरभाडे. सरकारने या प्रश्नाचे आपल्यापुरते एक सोपे उत्तर काढून ठेवले आहे. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय व झेड असे तीन वर्ग केलेले असून पुणे पहिल्या वर्गात व सोलापूर दुसऱ्या वर्गात मोडते. सातव्या वेतन आयोगाच्या व्यवस्थेत महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यानंतर हे दर मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० व १० टक्के झाले. म्हणजे ४०,००० रुपये मूळ वेतन असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याची सोलापुराहून पुण्यास बदली झाली, तर सरकार त्याला घरभाड्यासाठी दरमहा ४,००० रुपये अधिक देते. परंतु सोलापुरात जो वडिलार्जित घरात राहतो त्याला तेथे भाडेच नव्हते. त्याच्या दृष्टीने दोन शहरांतील फरक हा दहा टक्क्यांचा नसून शून्य आणि पूर्ण भाडे यांतील फरक आहे. सरासरी ही अशी असते. ती सर्वांची असते आणि म्हणून कोणाचीच नसते.

भाड्याच्या आकड्यापाशी थांबूनही चालत नाही, कारण त्याच्या मागे अनामत, दलाली आणि करारनामा ही वऱ्हाडी मंडळी येतातच. आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा करण्याची जी रूढी आहे तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. सालोसाल चालणाऱ्या किंवा एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली, आणि ती टाळण्यासाठी लोकांनी बारावा महिना छाटून टाकला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने पुढे अकरा महिन्यांचा परवाना करारही लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे असे ठरविले, त्यामुळे त्या रूढीचे प्रयोजन उरले नाही. रूढी मात्र शाबूत आहे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, म्हणजे दरमहा १८,००० रुपये भाड्याच्या आणि ८०,००० रुपये अनामतीच्या अकरा महिन्यांच्या करारावर पाचशे रुपयांच्या आसपास भरते. नोंदणी शुल्क धरूनही सरकारची दस्तुरी फारशी नाही. दलाल मात्र बहुधा एक महिन्याचे भाडे घेतो, आणि घरमालकाकडे अडकून पडलेल्या अनामतीवरील सात टक्के व्याज धरले तर दरमहा सुमारे ४५० रुपये कोठेही न दिसता जात राहतात.

भाडे आणि प्रवास या दोन बाबी निरनिराळ्या खान्यांत लिहिणे हीच मुळात चूक आहे, असे माझे मत आहे. सोलापूरच्या माणसाला ती चूक कळत नाही, कारण सोलापुरात घर कोठेही घेतले तरी कचेरी दुचाकीवर पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यात असते. पुण्यात कचेरीपासून दूर सरकावे तसतसे भाडे उतरते आणि पेट्रोल चढते. समजा, जवळचे घर २६,००० रुपयांना व चौदा किलोमीटर अधिक दूरचे घर १८,००० रुपयांना मिळते. जाण्यायेण्याचे मिळून रोज २८ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस धरता ७०० किलोमीटर. दुचाकी लीटरला पंचेचाळीस देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये असेल, तर खर्च सोळाशे-साडेसोळाशे रुपये. आठ हजारांच्या बचतीपुढे हे काहीच नव्हे. पण तोच गृहस्थ पावसाळ्याला कंटाळून लीटरला पंधरा किलोमीटर चालणारी मोटार काढू लागला, तर पेट्रोलच पाच हजारांच्या घरात जाते आणि बचतीचा मोठा भाग रस्त्यावर सांडतो. शिवाय रोजचा दीड तास जो गेला त्याचे महिन्याला सदतीस तास होतात, आणि त्यांची किंमत ज्याने त्याने आपल्या मुलाच्या वयावरून ठरवावी. मुंबईची गोष्ट येथे मुद्दाम आठवावीशी वाटते : तेथे घर अतोनात महाग, पण लोकलचा मासिक पास इतका स्वस्त की, दूरच्या उपनगरात राहून येण्याजाण्याचा हिशेब पैशांत जमून जातो, तो जमत नाही तो केवळ शरीरात. पुण्यात मेट्रो २०२२ च्या मार्चपासून सुरू झाली असली तरी घरटी दोन-तीन दुचाक्या हा तेथील कुटुंबाचा अद्याप नित्याचा सरंजाम आहे.

पाण्याची कथा त्याहून विलक्षण. सोलापुरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, म्हणून प्रत्येक घरात टाक्या, पिंपे आणि पाणी भरण्यासाठी घरी थांबणारे एक माणूस असते. पुण्याच्या नव्याने वाढलेल्या अनेक उपनगरांत नळ चोवीस तास वाहतो, परंतु त्या नळामागे टँकर उभा असतो आणि टँकरचे देयक सोसायटीच्या देखभाल-वर्गणीतून निघते. एका गावात पाण्याची किंमत वेळेत चुकती होते, दुसऱ्यात रुपयांत. (पुण्याने वापरून सोडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून सोलापूरला पाणी पाजणाऱ्या उजनीत येते, तेव्हा दोन्ही गावे एका अर्थी एकाच नळावर आहेत, हा विनोद सोलापूरकरांना फारसा रुचत नाही.)

येथपर्यंत ज्या बाबी सांगितल्या त्यांची निदान पावती तरी मिळते. स्थलांतराच्या हिशेबात खरा घात करतात त्या बिनपावतीच्या बाबी. सोलापूरच्या घरी मंगळवेढ्याकडच्या शेतातून वर्षाची मालदांडी ज्वारी येते, तूर येते, शेंगदाणे येतात. कणग्या भरतात आणि रोजकीर्दीत एक अक्षर उमटत नाही. सरकारी पाहणीवाले येथे आपल्याहून अधिक चौकस असतात : राष्ट्रीय नमुना पाहणीत घरच्या शेतातून आलेले धान्यही खर्चात धरले जाते, मात्र ते बाजारभावाने नव्हे, तर शेतावरच्या भावाने. हीच ज्वारी पुण्याच्या वाण्याकडून घेताना तिच्यावर हमाली, वाहतूक, आडत आणि त्याचा नफा चढलेला असतो. पण त्या पाहणीलाही न दिसणारी एक बाब आहे. सासूबाई दुपारी नातवाला शाळेतून आणतात, त्याला जेवू घालतात, भाकऱ्या थापतात. शेजारच्या काकू पाणी आले की टाकी भरून घेतात. गल्लीच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर वडिलांच्या वेळचे असल्यामुळे रात्री अकरालाही दार उघडतात. यांतील कशाचाही मोबदला कोणी मागितलेला नाही, आणि म्हणूनच बिऱ्हाड हलले की या प्रत्येक उपकाराला पुण्यात एक दर, एक वेळ आणि एक सुटीचा दिवस लागू होतो. पाळणाघर, पोळ्या करणाऱ्या बाई, शाळेची गाडी अशी नवीन खाती खतावणीत उघडावी लागतात, आणि सोलापूरच्या वहीत त्यांचे पानच नसल्यामुळे जाण्यापूर्वी केलेल्या अंदाजपत्रकातही ती नेमकी राहून जातात.

सोलापुरात वडिलार्जित घरात राहणारे एक कल्पित कुटुंब घेऊन ही बेरीज करून पाहू. सोलापुरात हातात पडणारा पगार ५०,०००, पुण्यात ७२,०००. म्हणजे मिळकतीत २२,००० ची वाढ. परंतु घरातील सुनेने गल्लीतील मुलांच्या शिकवण्या घेऊन महिना ६,००० मिळविण्याचा जो क्रम घातला होता तो ओळखीवर उभा असल्यामुळे पुण्यात बरोबर नेता येत नाही. तेव्हा खरी वाढ १६,००० च. आता खर्च : भाडे १८,०००, अनामतीचे बुडीत व्याज ४५०, दलाली व सामानाची वाहतूक मिळून ३६,००० रुपये तीन वर्षांवर वाटले तर दरमहा १,०००, शेतातून न येणाऱ्या जिनसांचे १,०००, नवऱ्याच्या दुचाकीचे जादा पेट्रोल १,७००, शाळेच्या फीमधील फरक २,५००, आणि आईवडिलांना भेटण्यासाठी सोलापूरच्या फेऱ्या १,५००. ही बेरीज २६,१५० होते. म्हणजे बावीस हजारांच्या बढतीने गेलेल्या या कुटुंबाला दरमहा १०,१५० रुपयांची तूट येते. पुण्यात सुनेला हातात २५,००० रुपये देणारी नोकरी लागली, तर पाळणाघराचे ४,०००, पोळ्यांचे २,५०० आणि तिच्या वाहनाचे १,३०० वाढून खर्च ३३,९५० वर जातो, पण मिळकतीची वाढ ४१,००० होऊन ७,०५० रुपये शिल्लक उरतात. आकडे कल्पित आहेत आणि ज्याने त्याने ते आपल्या वहीतून बदलून घ्यावेत. पण त्यांतून जे चित्र दिसते ते माझ्या पाहण्यातल्या अनेक घरांशी जुळते. पुण्याला जाण्याचा प्रश्न नवऱ्याच्या पत्रातील आकड्यावर सुटत नसून, तेथे बायकोला काम कोणते आणि किती दिवसांत मिळेल यावर सुटतो, आणि नेमकी हीच चौकशी, मेथीच्या जुडीची सविस्तर चौकशी करूनही, बहुधा कोणी केलेली नसते.

यावर काही घरे तोड काढतात ती अशी की, कुटुंब सोलापुरात ठेवावे आणि नवऱ्याने एकट्याने पुण्यास राहून शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने घरी यावे. ही युक्ती नवी नव्हे. रत्नागिरीच्या खेड्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी खाणावळीत जेवून, एका खोलीत दहाजण राहून, मनिऑर्डरीने गावची चूल पेटती ठेवली. परंतु त्यांचा मुंबईतील खर्च पोटभर जेवण आणि अंथरुणापुरती जागा एवढाच होता. आजचा गृहस्थ खोली, डबा, फोन आणि दर आठवड्याचे तिकीट यांसह एक छोटे पण सबंध बिऱ्हाड थाटतो, आणि दोन चुलींना जळण दीडपट नव्हे, बहुधा त्याहूनही अधिक लागते. वर्षभराची तात्पुरती सोय म्हणून हा मार्ग उत्तम, कारण त्या वर्षात पुण्याचे खरे भाव आपोआप वहीत उतरतात. पाच वर्षांची व्यवस्था म्हणून तो महाग.

राज्याची सीमा ओलांडून हैदराबाद किंवा बंगळूर गाठावयाचे असेल, तर आणखी काही कलमे वाढतात. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवावयाचे तर त्याची तेथे पुन्हा नोंदणी करून रस्ताकर भरावा लागतो. मुलगी नववी-दहावीत असेल आणि तिचा डोळा वैद्यकीय शिक्षणावर असेल, तर विचार अधिक गंभीर होतो. महाराष्ट्रातील राज्य कोट्याच्या जागांसाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबरच दहावी व बारावी याच राज्यातून उत्तीर्ण होण्याची अट सर्वसाधारणपणे असते, आणि ती अट मोडल्याची किंमत दरमहाच्या कोणत्याही जमाखर्चात मांडता येत नाही.

पुण्यातील आणखी एका खर्चाचा उल्लेख राहिला, तो म्हणजे पाहुण्यांचा. ज्या दिवशी सोलापुरात कळते की अमक्याचे पुण्यात बिऱ्हाड झाले, त्या दिवसापासून स्पर्धापरीक्षेस आलेला भाचा, रुग्णालयात तपासणीस आलेले काका आणि पासपोर्टच्या कामास आलेले वहिनींचे भाऊ यांना उतरण्याचे ठिकाण सापडलेले असते. याला पैशांत किती धरावे हे मी सांगू शकत नाही. दोन खोल्यांऐवजी तीन खोल्यांचे घर घेणारे कुटुंब ते न सांगताच धरून चाललेले असते, एवढे मात्र खरे.

घर पाहण्यास जाल तेव्हा रविवारी दुपारी जाऊ नये. दलाल मुद्दाम रविवारची वेळ देतो, कारण त्या वेळी रस्ते मोकळे असतात आणि कचेरी वीस मिनिटांवर वाटते. सोमवारी सकाळी साडेआठला त्या घराच्या फाटकापासून निघून कचेरीपर्यंत एकदा स्वतः जावे, आणि निघण्यापूर्वी फाटकावरच्या रखवालदाराशी दोन शब्द बोलून चैत्र-वैशाखात येथे दिवसाला टँकर किती येतात ते विचारून घ्यावे.